फ्यूज उडाला की आधी कारण शोधा

टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावला, तो मिनिटभर घरघरला आणि थांबला. नंतर त्याच सॉकेटवर मोबाइलही चार्ज होईना. गाडी वापरणाऱ्या पुष्कळांच्या वाट्याला ही अडचण कधी ना कधी येते आणि तिच्यावरचा उपायही जवळपास ठरलेला असतो. फ्यूज उडाला असेल म्हणून नवा बसवायचा. तोही गेला तर ‘जरा वरचा’ बसवायचा. दहाच्या जागी पंधराचा, पंधराच्या जागी वीसचा. सॉकेट चालू होते आणि विषय तिथेच मिटतो. माझा आक्षेप या सवयीला आहे. फ्यूज उडतो तेव्हा त्या वाटेने नेमून दिल्यापेक्षा जास्त करंट गेलेला असतो. तो का गेला, हे सापडेपर्यंत दुरुस्ती झालेली नसते, नुसता फ्यूज बदललेला असतो. उलट फ्यूज शाबूत असूनही सॉकेट नीट चालत नसेल तर दोष बहुधा कुठल्यातरी जोडणीत असतो, आणि तो भार टाकल्याखेरीज दिसत नाही. एवढ्या दोन गोष्टी पक्क्या धरल्या तर एक साधा मल्टिमीटर आणि इंडिकेटरचा एक बल्ब यांच्या जोरावर निम्म्याहून जास्त शोध घरच्या घरी लागतो.

हे सॉकेट इतके कुरकुरे का, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. ते मुळात सिगारेट लायटरसाठी घडवलेले आहे. लायटर आत दाबायचा, दहा-पंधरा सेकंदांत त्याची तार लाल व्हायची आणि तो टक्‌कन बाहेर यायचा, एवढेच त्याचे काम. तासन्‌तास प्लग धरून ठेवणे आणि त्यातून सलग करंट नेणे हे त्या आकाराच्या हिशेबात नव्हतेच. साधारण २१ मिलिमीटर व्यासाची ती गोल नळी, तळाशी मधोमध पॉझिटिव्हची टिकली आणि नळीची भिंत म्हणजे निगेटिव्ह, जी वायरने गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. घरातल्या थ्री-पिनमध्ये पितळी चिमटे पिना घट्ट पकडतात, इथे तशी पकड नाही. प्लगच्या टोकाची स्प्रिंग त्याला बाहेर ढकलत असते आणि बाजूच्या दोन पात्या त्याला कशाबशा रोखून धरतात. घाटातल्या हादऱ्यांनी प्लग केसभर मागे सरकला तरी स्पर्श सैल होतो. त्यात नळीचे तोंड बहुतेक वेळा वर किंवा तिरके, म्हणजे धूळ, चहाचे थेंब, बिस्किटाचा चुरा आणि टोलसाठी काढलेली सुटी नाणी यांना मोकळे आवतण. झाकणावर किंवा कडेला बारीक अक्षरांत १२ व्होल्ट, १२० वॅट असे छापलेले असते. १२० भागिले १२ म्हणजे १० अँपिअर. हीच त्या सॉकेटची मर्यादा. काही गाड्यांत ती १८० वॅट, म्हणजे १५ अँपिअर असते. आपल्या गाडीची कोणती, हे एकदा वाकून वाचून ठेवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर उभा आहे.

आता फ्यूजकडे वळू. त्याची पेटी साधारणपणे स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. दुसरी बॉनेटखाली बॅटरीशेजारी. झाकणाच्या आत नकाशा असतो आणि गाडीच्या पुस्तिकेतही. त्यावर सॉकेटचा फ्यूज ‘पॉवर आउटलेट’, ‘सिगार लायटर’ किंवा ‘ॲक्सेसरी सॉकेट’ अशा नावाने किंवा त्यांच्या इंग्रजी संक्षेपाने दाखवलेला असतो. पात्यांच्या या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. फ्यूज न काढताही तपासता येतो, कारण त्याच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. चावी फिरवून मीटरची काळी वायर बॉडीच्या रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला लावा आणि लाल टोक दोन्ही ठिपक्यांवर आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे १२ व्होल्ट आले तर फ्यूज ठीक, एकीकडेच आले तर तो उडालेला, कुठेच आले नाहीत तर अडचण फ्यूजच्याही मागे आहे. उडालेला फ्यूज लगेच फेकून देऊ नका. त्याची खिडकी उजेडात धरून बघा. आतली पट्टी स्वच्छ तुटलेली, कडा वितळून गोल झालेल्या दिसल्या तर बहुधा भार थोडा जास्त होता आणि तो काही काळ टिकून राहिला. खिडकी काळवंडलेली, धातूचे शिंतोडे उडालेले दिसले तर एकाएकी फार मोठा करंट गेला, म्हणजे शॉर्टचा संशय घ्यावा. ही खूण दर वेळी अचूक ठरतेच असे नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते ती सांगते.

वरचा फ्यूज बसवून वर्षानुवर्षे काही झाले नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा अनुभव खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. फ्यूज आपल्या पंपाच्या किंवा चार्जरच्या रक्षणासाठी असतो असे समजले जाते. तो असतो डॅशबोर्डमागून गेलेल्या वायरीच्या रक्षणासाठी. वायरीची जाडी ठरवतानाच तिच्यापुढचा फ्यूज ठरतो. सगळे सुरळीत असते तेव्हा त्या वायरीतून आठ-दहा अँपिअर जातात आणि पंधराचा असो वा तिसाचा, फ्यूजला काहीच काम नसते. त्याचे काम एखाद्याच दिवशी निघते, ज्या दिवशी वायरीचे कवच कुठल्यातरी पत्र्याच्या कडेला घासून उघडे पडते. वायरीत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. पंधराऐवजी तीस अँपिअर गेले तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. शिवाय प्रत्येक शॉर्ट पूर्ण नसतो. ओलसर, अर्धवट स्पर्शातून समजा पंचवीस अँपिअर गळू लागले, तर पंधराचा निळा फ्यूज थोड्याच वेळात तुटेल. तिसाचा हिरवा मात्र तो करंट निमूटपणे जाऊ देईल आणि तापण्याचे काम वायरीकडे जाईल. ती वायर एकटी नसते. टेपने बांधलेल्या जुडग्यात ती इतर दहा-वीस वायरींना चिकटून, कार्पेट आणि फोमच्या मागून गेलेली असते. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणे तर याहून वाईट, कारण तिची मर्यादा कोणालाच माहीत नसते. गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच बसवावा; त्याच्या वरचा तात्पुरता म्हणूनही बसवू नये.

मग कारण शोधायचे कसे? वाटेचे तुकडे पाडून. सॉकेट पूर्ण रिकामे करा, योग्य आकड्याचा नवा फ्यूज लावा आणि चावी फिरवा. काहीही न लावता फ्यूज लगेच उडाला तर दोष सॉकेटमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे, तुमच्या उपकरणात नाही. अशा वेळी आधी फ्यूज काढून घ्या आणि टॉर्चच्या उजेडात नळीच्या तळाशी बघा. तळाशी आडवे पडलेले छोटे नाणे, गुंडाळलेली चांदी किंवा जुन्या चार्जरच्या टोकाची निसटून अडकलेली धातूची टोपी टिकली आणि भिंत यांना जोडून टाकते. ती काढायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी वापरा. फ्यूज काढलेला असला तरी धातूचा चिमटा आत घालायची सवय नकोच. रिकामे असताना फ्यूज टिकला तर मोबाइलचा चार्जर लावा, मग पंप. एकाच उपकरणाला तो उडत असेल तर त्या उपकरणाची वायर प्लगच्या मानेशी आणि उपकरणात शिरते तिथे वाकवून बघा, कारण ती बहुधा तिथेच तुटते. आणि कधी कधी कोणाचाच दोष नसतो, फक्त बेरीज चुकलेली असते. एका सॉकेटची तीन करणारा जोड लावून त्यावर पंप, दोन चार्जर आणि डॅशकॅम चालवला तर मर्यादा तीन पट होत नाही, ती दहाच राहते. लॅपटॉपसाठी घेतलेला १५० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीकडून साडेबारा अँपिअर आणि वर स्वतःचा तोटा मागतो. म्हणजे १२० वॅटच्या सॉकेटवर त्याला जागाच नाही.

शॉर्ट आहे पण सापडत नाही, आणि प्रत्येक प्रयोगाला एक फ्यूज बळी जातो, अशा वेळी जुने ऑटो इलेक्ट्रिशियन एक फार चांगली युक्ती करतात. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब वायरींनी जोडायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग सॉकेटमागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लॅस्टिकचा जोड, काढायचा. बल्ब विझला तर दोष सॉकेटमध्ये. तरीही पेटलेला राहिला तर दोष वायरीत. वायर हलवत पुढे जायचे. जिथे बल्ब लुकलुकतो तिथे जखम. अशी जखम बऱ्याचदा नंतर बसवलेल्या ॲक्सेसरीजच्या आसपास मिळते, म्हणजे पायाशी लावलेले रंगीत लाइट, कवच सोलून नुसती पिळलेली आणि काळ्या टेपने झाकलेली जोडणी. पावसाळ्यात आसऱ्याला बॉनेटखाली शिरणारे उंदीर हेही एक खरे कारण आहे. कुरतडलेल्या कवचाच्या कडांवर दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

फ्यूज शाबूत, तरी सॉकेट मेलेले असेल तर काही साधे प्रश्न आधी संपवावेत. कित्येक गाड्यांत सॉकेट चावी एक टप्पा फिरवल्याशिवाय चालू होत नाही. म्युझिक सिस्टीम किंवा आरशांचे बटणही त्याच वेळी बंद पडले असेल तर दोष एकट्या सॉकेटचा नसून ॲक्सेसरीच्या रिलेचा किंवा सगळ्यांच्या समाईक फ्यूजचा असू शकतो. काही चार्जरच्या आणि पंपांच्या प्लगमध्ये टोकाची टोपी फिरवून काढता येते आणि आत काचेचा छोटा फ्यूज असतो. गाडीचा फ्यूज तपासून थकलेली माणसे तो बघायचा विसरतात. ट्रक-बसवाल्यांसाठी एक वेगळी सूचना: जड वाहनांत २४ व्होल्ट असतात, तेव्हा उपकरणावर १२-२४ असे छापलेले नसेल तर ते त्या सॉकेटला लावूच नये.

खरा कस लागतो तो पुढच्या प्रकारात. मोबाइल छान चार्ज होतो, पण पंप मात्र रडत चालतो किंवा सुरूच होत नाही. मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट दाखवतो. यावरून ‘सॉकेट ठीक आहे, पंपच खराब’ असा निकाल दिला जातो आणि चांगला पंप टाकून दिला जातो. इथे मीटर खोटे बोलत नाही, पण आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. मल्टिमीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ शून्य करंट घेतो. गंजलेल्या, एकाच तंतूवर लोंबकळणाऱ्या जोडणीतूनही तेवढा करंट सहज जातो, त्यामुळे मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. आता हिशेब मांडू. समजा सैल स्पर्शाचा रोध अर्धा ओहम आहे. मोबाइलचा चार्जर दीड अँपिअर घेतो, त्या जोडणीवर पाऊण व्होल्ट हरवतो, चार्जरला काही फरक पडत नाही. पंपाला हवेत १० अँपिअर. तेवढे जायचे म्हटले तर त्याच जोडणीवर ५ व्होल्ट खर्ची पडतील आणि मोटरच्या वाट्याला सातच उरतील. म्हणजे मोबाइल चालतो आणि पंप चालत नाही, हा प्रकारच वाईट जोडणीची निशाणी आहे. हरवलेले व्होल्ट उष्णतेच्या रूपात तिथेच बाहेर पडतात. रोध ०.२ ओहम इतका कमी धरला तरी १० अँपिअरला २० वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. जवळजवळ तेवढी उष्णता प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये कोंडली जाते. वितळलेले, तपकिरी पडलेले कपलर असे तयार होतात. आणि यात फ्यूज कधीच उडत नाही, कारण करंट वाढलेला नसतो, उलट कमी झालेला असतो. म्हणूनच ‘फ्यूज ठीक आहे, म्हणजे धोका नाही’ हे म्हणणे मला मान्य नाही.

तेव्हा मोजमाप भाराखाली घ्यायचे. त्यासाठी बंद पडलेल्या चार्जरचा प्लग उघडा, आतले सर्किट काढून टाका, टोकाच्या आणि बाजूच्या पात्यांना दोन चांगल्या वायरी डाखून दुसऱ्या टोकाला २१ वॅटचा बल्ब होल्डरसह जोडा. हा बल्ब तापतो, तो सीटच्या कापडावर टेकू देऊ नका. एलईडीचा टेस्टर इथे उपयोगाचा नाही, कारण तो मीटरसारखाच नाममात्र करंट घेतो. बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा आणि लगोलग बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साडेबाराच्या आसपास दाखवते, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक आला तरी सावध व्हावे, कारण पावणेदोन अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे जवळपास ०.३ ओहम, आणि पंपाला तिथे ३ व्होल्ट कमी पडणार. फरक आढळला की तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. बल्ब पेटलेला ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे बल्बच्या निगेटिव्ह बाजूला लावा. हरवलेला व्होल्ट इथेच दिसला तर अर्थिंगचा बोल्ट सैल किंवा गंजलेला आहे. माझ्या मते ही बाजू सगळ्यात कमी तपासली जाते. पॉझिटिव्ह वायर कोणी विसरत नाही, बॉडीला जोडलेली काळी वायर मात्र गृहीत धरली जाते, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत रंगाखाली गंजतो तो नेमका तिचाच बोल्ट. एक ताकीद इथेच देतो. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना टोके सॉकेटमध्ये घातली तर मीटर स्वतःच शॉर्ट होतो. मोजण्याआधी वायर व्होल्टच्या भोकात आणि खटका डीसी २० व्होल्टवर आहे, हे दर वेळी बघा.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. आजच्या गाड्यांत इतकी इलेक्ट्रॉनिक्स असते की घरच्या माणसाने हात घालू नये, असे म्हणतात. कन्सोल उघडण्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारी पेटी मधल्या कन्सोलखालीच बसवलेली असते. पिवळ्या कपलरच्या आणि पिवळ्या कवचाच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प कदापि लावू नये. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या, त्यांच्या आसपासही जाऊ नये. सॉकेट बाहेर काढायचे असेल तर आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे, पॉझिटिव्ह नव्हे. कारण निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. हा आत्मविश्वास नसेल तर काम खुशाल ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे. पण सॉकेटमध्ये डोकावणे, फ्यूज वाचणे आणि बल्ब लावून मोजणे यासाठी काहीच उघडावे लागत नाही. ‘सॉकेट चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाचा फ्यूज बदलला जातो. ‘रिकाम्या सॉकेटवर फ्यूज टिकतो, २१ वॅटवर एक व्होल्ट पडतो आणि तो अर्थिंगच्या बाजूला पडतो’ असे सांगणाऱ्याचा बोल्ट साफ केला जातो.

आता यूएसबी आहे, या जुन्या सॉकेटसाठी एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी विचारेल. पाच व्होल्टच्या यूएसबीवर टायरचा पंप चालत नाही, आणि पंपाची गरज पेट्रोल पंपाशेजारी उभे असताना पडत नाही. ती पडते ताम्हिणी घाटात, रात्री, पावसात. शिवाय बिघडलेले सॉकेट वापरात नसले तरी काही गाड्यांत त्यात वीज चोवीस तास असते. तसे सॉकेट असेल तर आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. ०.३ अँपिअर घेणारा डॅशकॅम दिवसाला ७.२ अँपिअर-तास खातो, आणि लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला चार-पाच दिवस उभ्या गाडीत तो झोपवू शकतो. चावी काढल्यावरही चार्जरचा दिवा पेटलेला राहतो का, एवढे एकदा बघितले की आपले सॉकेट कुठल्या प्रकारचे ते कळते.

सॉकेट दुरुस्त झाल्यावर किंवा नवे बसवल्यावर ते चालू झाले एवढ्यावर थांबू नका. इंजिन चालू ठेवून पंप एखाद्या टायरला लावा आणि त्याच्या पुस्तिकेत जितका वेळ सलग चालवायची परवानगी आहे, बहुधा दहा मिनिटे, तितका वेळ हवा भरून-सोडून चालवा. मग पंप बंद करून प्लग काढा आणि त्याच्या टोकाजवळ हात धरा. कोमट लागले तर चालेल. हात लावून ठेवता येत नसेल, किंवा तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर एखादी जोडणी अजून सैल आहे आणि बल्ब लावून पुन्हा मोजायला हवे. मोजमाप बरोबर आले की त्याच रंगाचे दोन जादा फ्यूज फ्यूजपेटीच्या झाकणात चिकटवून ठेवा.